स्टोअर हाती आलं आणि नोंदी खोट्या निघाल्या, तर?

रुग्णालयाच्या स्टोअरचा ताबा घेण्याच्या दिवशी तुमच्या हाती किल्ल्यांचा जुडगा येतो, कॉम्प्युटरचा पासवर्ड येतो आणि जुना माणूस जाता जाता सांगतो, "सब सिस्टम में है, भैया." किल्ल्या आणि पासवर्ड जपून ठेवा. त्या तिसऱ्या गोष्टीचं काय करायचं, त्यासाठी हा लेख.

मी इंदुरात खासगी रुग्णालयांच्या स्टोअरमध्ये २२ वर्षं काढली. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथली आपली मुलं-मुली डी.फार्म. किंवा बी.कॉम. करून आता या कामात येतात आणि दुसऱ्याच आठवड्यात फोन करतात, "काका, सिस्टीममध्ये आहे, कपाटात नाही. आता?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगतो, ते इथे सलग लिहितोय.

माझी पहिली फजिती हातमोज्यांनी केली. कॉम्प्युटरवर साडेसात नंबरचे सर्जिकल ग्लव्हज ३५० दिसत होते, म्हणून मी निवांत होतो. सकाळी ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, मुलगा घ्यायला आला तेव्हा कपाटात एक रिकामं खोकं होतं. सर्जननी सात नंबरचे घट्ट ग्लव्हज कसेबसे चढवले, पहिलं ऑपरेशन उरकलं आणि मग दिवसभर माझ्या नावाने बोटं मोडली, दोन्ही अर्थांनी. संध्याकाळी शोधत बसलो तेव्हा उलगडा झाला. एका खोक्यात ५० जोड. बिल चढवणारा त्याचे १०० नग धरत होता, ओटीला देणारा ५० जोड वजा करत होता. दर खोक्यामागे ५० हातमोजे हवेतून जन्माला येत होते. अशी सात खोकी येऊन संपली होती. चोरी कोणीच केली नव्हती.

ही गोष्ट मुद्दाम आधी सांगितली. नवा माणूस तफावत दिसली की वॉर्डबॉयकडे संशयाने बघायला लागतो, आणि मग पुढचं वर्षभर त्याला कोणी खरं सांगत नाही. चोरी होते, नाही असं नाही. पण मी पाहिलेल्या तफावतींत बहुतेक वेळा माल रुग्णापर्यंत बरोबर पोचला होता, नोंद तेवढी वाटेत राहिली होती.

आधी आहे त्याचा फोटो काढून ठेवा

पहिल्या दिवशी काहीही दुरुस्त करू नका. कपाट मोजून कॉम्प्युटरचा आकडा लगेच बरोबर करावा असा मोह होतो, पण त्याने चूक कुठून येते हे कळण्याचा मार्गच बंद होतो. पूर्ण साठ्याची यादी छापा, त्यावर तारीख आणि वेळ घाला, खाली सही करा आणि जिच्या हाताखाली काम करता त्या मॅडमची किंवा साहेबांचीही सही घ्या. उद्या कोणी "तुम्ही आल्यापासून गोंधळ झाला" म्हणालं, तर हा कागद कामी येतो. मला एकदा आला आहे.

जिवावरच्या वस्तू वेगळ्या काढा

पुस्तकात याला व्हीईडी म्हणतात: व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. बैठकीत बसून ही वर्गवारी करायला गेलात तर प्रत्येक डॉक्टर आपली प्रत्येक वस्तू व्हायटल म्हणून सांगेल. त्यापेक्षा आयसीयू, ओटी, लेबर रूम आणि कॅज्युअल्टीच्या इनचार्ज सिस्टरना एकेकटीला गाठून विचारा, "सिस्टर, काय नसलं तर तुम्ही मला रात्री दोन वाजता उठवाल?" पाच मिनिटांत खरी यादी मिळते.

ती साधारण ५० ते ६० वस्तूंच्या आत बसते. ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, नॉरॲड्रेनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, सोडाबायकार्ब, कॅल्शियम ग्लुकोनेट, मॅग्नेशियम सल्फेट, ऑक्सिटोसिन, एन्डोट्रॅकियल ट्यूबचे सगळे नंबर, सक्शन कॅथेटर, आयव्ही सेट, कॅन्युला (शिरेत बसवायची नळी), ग्लव्हज, सलाईन, ऑक्सिजन, अशी. एवढ्या वस्तू पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने मोजायच्या आणि कागदावर लिहायच्या. बाकीच्या हजार-दीड हजार वस्तूंचा हिशेब महिनाभर चुकलेला राहिला तरी कोणाचा जीव जात नाही.

कॅन्युला मोजताना एक लक्षात ठेवा. सिस्टर ती नंबराने कमी आणि रंगाने जास्त मागतात: हिरवी म्हणजे १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. जुन्या वहीत "गुलाबी ५०" असं लिहिलेलं सापडलं तर हसू नका, ती नोंद बहुधा कॉम्प्युटरपेक्षा खरी असते.

माल फक्त स्टोअरमध्ये नसतो

स्टोअर हे मालाचं एक घर झालं. बाकी घरं शोधा: वॉर्डातली कपाटं, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी), ओटीची ट्रॉली, ॲम्ब्युलन्सची पेटी, ड्युटी रूमचा खण, जिन्याखालची ती जागा जिथे सलाईनची खोकी "थोड्या वेळापुरती" ठेवली होती. प्रत्येक जागेला एक नंबर द्या आणि कागदावर नकाशा काढा, वाकडातिकडा चालेल.

वॉर्डात दडवलेला माल सापडतोच. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरसाठी दवा बाजारात लागलेल्या रांगा आणि पुढच्याच महिन्यात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी ॲम्फोटेरिसिन-बी मिळवताना झालेली दमछाक ज्या सिस्टरनी पाहिली, त्या चार वस्तू खणात मागे सारून ठेवणारच. स्टोअरवर भरवसा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या फेरीत यातलं काही उचलून आणू नका. "मी फक्त मोजतोय, तुमचं तुमच्याकडेच राहील" असं सांगा आणि शब्द पाळा. एकदा जप्ती झाली की पुढच्या वेळी माल अशा ठिकाणी जातो जिथे तो तुम्हालाही सापडत नाही आणि गरजेला त्यांनाही.

मोजायचं कसं

मोजणाऱ्याला कॉम्प्युटरचा आकडा दाखवायचा नाही. एवढा एक नियम पाळलात तरी अर्धं काम होतं. ३१ मार्चची मोजदाद बहुतेक ठिकाणी यादी हातात धरून होते. यादीत १२० लिहिलेलं असतं, कपाटात ११३ मोजले जातात, आणि दुपारचे चार वाजलेले असल्यामुळे मोजणाऱ्याच्या डोळ्यांना १२० दिसायला लागतात. म्हणून कोरा कागद द्या: वस्तूचं नाव, जागा, नग, बॅच, एक्सपायरी. जुळवणी नंतर, दुसऱ्या माणसाने करायची.

दोघांनी मिळून मोजा, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. वरच्या फळीपासून खाली, डावीकडून उजवीकडे. मोजून झालेल्या फळीला रंगीत टेपचा तुकडा लावा. फुटलेलं खोकं उघडूनच बघायचं, "यात वीस असतील" असं बाहेरून म्हणायचं नाही. सीलबंद खोक्यावर छापलेला आकडा धरायला हरकत नाही, पण दहातलं एखादं उघडून पाहा. सकाळी आठच्या आत मोजणं सोयीचं, कारण नऊला वॉर्डांचे इंडेंट, म्हणजे मागणीच्या चिठ्ठ्या, यायला लागतात आणि मग तुम्ही मोजताय तोवर माल पायाखालून निघून जातो. मोजताना काही देणं भागच पडलं तर ते तिथेच चिठ्ठीवर लिहून त्या फळीला अडकवा.

एकदम सगळं स्टोअर मोजायच्या भानगडीत पडू नका. रोज दहा-बारा वस्तू, रविवारी सुट्टी. जिवावरच्या वस्तू महिन्यातून दोनदा, महागड्या महिन्यातून एकदा, कापूस-बँडेज तीन महिन्यांतून एकदा. पैशाच्या हिशेबाने वस्तूंची अ-ब-क विभागणी करायची तर वर्षभराच्या खरेदीची यादी रकमेप्रमाणे लावा. वरच्या थोड्याशा वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला दिसेल. त्या "अ", त्यांच्यावर नजर जास्त. पण ॲट्रोपिनसारखी स्वस्त वस्तू "क" मध्ये जाते आणि जिवावरच्या यादीत वरच राहते, म्हणून दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवा.

उणे आकड्यांपासून सुरुवात करा

आता कॉम्प्युटरकडे वळा. साठ्याच्या यादीत उणे शिल्लक असलेल्या वस्तू वेगळ्या छापा. कपाटात उणे ४० सलाईन असू शकत नाहीत, म्हणजे चूक नक्की आहे आणि तिचा पत्ताही तिथेच आहे. बहुतेक वेळा अशा उणे आकड्याचा एक जुळा भाऊ असतो. एकाच वस्तूचे तीन कोड निघतात: "एनएस ५००", "नॉर्मल सलाईन ५०० एमएल" आणि "सोडियम क्लोराईड ०.९% ५००". खरेदी एका नावावर चढते, वॉर्डाला दुसऱ्या नावाने जाते. एकाकडे डोंगर, दुसरीकडे खड्डा. कोड एक करा, बाकीचे बंद करा, आणि बंद केलेल्या नावापुढे नव्या कोडचा नंबर लिहून भिंतीवर चिकटवा.

जुळं सापडलं नाही तर खरेदीच्या बिलांकडे जा. इंदुरात बराचसा माल आर.एन.टी. मार्गावरच्या दवा बाजारातून येतो, आणि तिथल्या बिलात एक जागा अशी असते की नवा माणूस हमखास फसतो. स्कीम. दहावर एक फुकट. बिलावर संख्या १०, शेजारच्या बारीक रकान्यात फ्री १. चढवणारा १० चढवतो, कपाटात ११ जातात. वर्षभरात हे "फुकटचे" किती होतात ते एकदा जोडून पाहा. कागदावर नसलेला माल गहाळ झाला तर कोणाला पत्ताही लागत नाही.

उलटा प्रकार चलानचा. घाईत माल चलानवर, म्हणजे मालासोबतच्या नुसत्या चिठ्ठीवर येतो, बिल आठ दिवसांनी. माल कपाटात, नोंद शून्य. त्या आठ दिवसांत वॉर्डाला दिलेला सगळा माल उण्यात जातो. उपाय साधा आहे: आलेल्या चलानसाठी एक लोखंडी काटा ठेवा, बिल चढलं की चलान काट्यावरून काढून बिलाला टाचायचं. काट्यावर जे उरलं ते अजून कॉम्प्युटरला माहीत नाही. मोजदादीच्या दिवशी आधी काटा रिकामा करा.

एककाची चूक तुम्ही वर पाहिलीच. प्रत्येक वस्तूचं एकक ठरवा आणि ते फळीवर लिहा: ग्लव्हज जोडात, सूचर (टाक्यांचा धागा) फॉईलमध्ये, सिरिंज नगात, गोळ्या गोळीत. "खोकं" हे एकक कुठेच नको. कंपनी बदलली की खोकं बदलतं.

खप किती, हे वहीला विचारू नका

इथे जरा थांबा, कारण नोंदी बिघडलेल्या स्टोअरमध्ये हा एकच हिशेब तुम्हाला तारून नेतो. किती माल मागवायचा हे खपावरून ठरतं. खप आपण वॉर्डाला दिलेल्या नोंदींवरून काढतो, आणि नेमक्या त्याच नोंदी अपुऱ्या असतात. म्हणून त्यांना बाजूला ठेवून दोन मोजण्यांवरून खप काढा.

गुलाबी कॅन्युलाचं उदाहरण घेऊ. १ तारखेला सकाळी स्टोअरमध्ये १८०, आयसीयूत ४०, कॅज्युअल्टीत ३०, ओटीत २५. एकूण २७५. पुढच्या १४ दिवसांत बिलाने ४०० आल्या आणि चलानवर १०० आल्या ज्यांचं बिल अजून यायचंय. आवक ५००. १५ तारखेला सकाळी परत मोजलं: स्टोअरमध्ये २६०, तिन्ही जागा मिळून ८०. एकूण ३४०.

२७५ अधिक ५००, वजा ३४०. राहिले ४३५. १४ दिवसांचा खरा खप ४३५, म्हणजे दिवसाला ३१. आता वही उघडा. त्याच १४ दिवसांत वॉर्डांना दिल्याची नोंद २९० ची आहे. म्हणजे तीन कॅन्युला गेल्या की दोनच लिहिल्या जातात. वहीवर विसंबून दिवसाला २१ च्या हिशेबाने मागवलं असतं, तर महिन्याचा माल विसाव्या दिवशी संपला असता, आणि सगळे म्हणाले असते की कॅन्युला चोरीला जातात.

फुटलेल्या, वाकलेल्या, पहिल्या टोचणीत शीर न मिळाल्याने टाकून दिलेल्या कॅन्युलाही या ४३५ मध्ये आल्या. मागवण्यासाठी तेच हवं. बिलिंगवाल्यांना ते आवडणार नाही, कारण रुग्णाच्या बिलात त्या नाहीत. तो वाद वेगळा आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्या.

कधी मागवायचं

रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव. कॅन्युला यायला तीन दिवस धरले तर ९३, आणि चार दिवसांचा राखीव १२४. मिळून २१७. कपाट २२० वर आलं की ऑर्डर. नोंदी भरवशाच्या असतील तर राखीव दोन दिवसांचा पुरतो. नसतील तर चार ठेवा, आणि नोंदी सुधारतील तसा कमी करा. राखीव सगळ्याच वस्तूंचा वाढवू नका. जिवावरच्या यादीतल्यांचा वाढवा, बाकी दवा बाजार आहेच, फोन केला तर बरंच काही संध्याकाळपर्यंत येतं. कंपनीकडून थेट येणाऱ्या वस्तूंना मात्र आठवडा सहज लागतो. त्यांचे दिवस पुरवठादार सांगेल ते धरू नका, मागच्या पाच बिलांवरच्या तारखा बघून काढा. "कल पक्का" याचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा आहे.

स्वस्त आणि सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी मी हा सगळा हिशेबसुद्धा करत नाही. दोन डबे. पुढच्या डब्यातून वापरायचं. मागचा डबा टेपने बंद, त्यात २२० सारखा ठरलेला आकडा आणि वर दोऱ्याने बांधलेला पुठ्ठा: वस्तूचं नाव, एकक, किती मागवायचं. पुढचा डबा संपला आणि मागचा उघडला की पुठ्ठा काढून दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवायचा. मी सकाळी आल्यावर आधी खिळा बघतो, कॉम्प्युटर नंतर. रात्रपाळीच्या नव्या मुलाला ही पद्धत दोन मिनिटांत कळते, आणि वीज गेली तरी ती चालते. माल आला की आधी मागचा डबा भरून सील करा, मग पुढचा. जुनी एक्सपायरी पुढच्या डब्यात घालायला विसरू नका.

नोंद करणं सोपं करा

एका सकाळी आयसीयूत नॉरॲड्रेनॅलिनचे १० ॲम्प्युल कमी निघाले. रात्रीच्या सिस्टरना विचारलं तर त्या चिडल्या, "मी लिहून ठेवलं होतं." आणि खरंच ठेवलं होतं. ग्लव्हजच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर: नॉरॲड १०, बेड ४, रात्री २.४०, सकाळी इंडेंट देते. झाडणाऱ्या बाईंनी ते पुठ्ठ्याचं कपटं म्हणून उचललं होतं. कचऱ्याच्या पिशवीतून आम्ही ते शोधून काढलं. त्या दिवशी मला जरा लाज वाटली. पेशंटचं बीपी पडत असताना त्या सिस्टरनी लिहायला कागद शोधला होता. आम्ही तिथे एक वही ठेवलेली नव्हती.

तेव्हापासून रात्रीचं कपाट वेगळं. जिवावरच्या यादीतला माल ठरलेल्या संख्येत, आत चिकटवलेली यादी, दाराला दोरीने बांधलेली वही आणि वहीला दोरीने बांधलेलं पेन. पेन बांधलं नाही तर तिसऱ्या दिवशी ते नसतं. वहीत चारच रकाने: वेळ, काय, किती, बेड. सही नको, लांबलचक फॉर्म नको. सकाळी तुम्ही यादीप्रमाणे कमी पडलेलं भरता. जेवढं भरलं तेवढं गेलं. वहीत लिहिलेलं असो वा नसो, भरण्याच्या आकड्यावरून खप पकडला जातो, आणि वहीशी ताडून बघितलं की न लिहिलेलं किती तेही कळतं.

फरक सापडल्यावर

दोन पूर्ण मोजण्या झाल्या, कोड एक झाले, चलानचा काटा रिकामा झाला, की मग कॉम्प्युटरचा आकडा बदला. बदलताना जुना आकडा, नवा आकडा, तारीख, कारण आणि दोन सह्या. व्हाईटनर स्टोअरमध्ये ठेवूच नका. कारणं मोजकी ठरवून ठेवा: लिहिलं नाही, एकक चुकलं, दुसऱ्या कोडवर गेलं, फुटलं, एक्सपायर झालं, कारण सापडलं नाही. महिनाअखेरीस कोणतं कारण किती वेळा आलं ते मोजा. एकक चुकलं हे वारंवार येत असेल तर बिल चढवणाऱ्याशेजारी दोन दिवस बसा. लिहिलं नाही हे एकाच वॉर्डातून येत असेल तर त्या वॉर्डाची वही कुठे टांगली आहे ते जाऊन बघा, बहुधा दाराआड असते.

बॅच नंबरही जुळवा, नुसती संख्या नको. कंपनीने एखादी बॅच परत मागवली, तर कॉम्प्युटरवर जी बॅच संपलेली दिसते ती कपाटात अजून असू शकते.

ज्या गोष्टींना हे नियम लागू नाहीत

मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधं १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतात. त्यांचं कपाट वेगळं, कुलपं दोन, किल्ल्या दोघांकडे, मोजणी प्रत्येक पाळीच्या बदलीला. वापरलेले रिकामे ॲम्प्युलही मोजून परत घ्यायचे. इथे फरक निघाला तर तो "दुरुस्त" करायचा नसतो, त्याच तासाला मेडिकल सुपरिंटेंडेंटना लेखी कळवायचा. वर मी जे म्हटलं की आधी चोरीचा संशय घेऊ नका, ते या कपाटाला लागू नाही. शेड्यूल एच१ ची औषधं, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, ट्रामाडॉल वगैरे, यांच्या विक्रीची वेगळी वही रुग्णालयातल्या मेडिकल स्टोअरला १ मार्च २०१४ पासून ठेवावी लागते आणि ती ३ वर्षं सांभाळावी लागते.

फ्रिजमधला माल २ ते ८ अंशांत. इन्सुलिन, लसी, सक्सिनिलकोलिन, ॲट्राक्युरियम. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहा. इन्सुलिन किंवा टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) एकदा गोठलं की वितळल्यावर ते चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही, म्हणून बर्फाच्या कप्प्याला टेकवून काही ठेवू नका. आत काय आहे त्याची यादी दारावर बाहेर लावा. मोजण्यासाठी दार दहा मिनिटं उघडं ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, तीही मे महिन्यात. आणि डबा, दही, श्रीखंड यांना तिथे जागा नाही, वाढदिवस कोणाचाही असो.

पोटॅशियम क्लोराईडचे ॲम्प्युल इतर साध्या ॲम्प्युलच्या शेजारी ठेवू नका. दिसायला सारखे, आणि थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. वेगळी फळी, लाल पट्टी.

हाडाची इम्प्लांट्स, स्टेंट वगैरे बऱ्याचदा पुरवठादाराची असतात, वापरली तरच बिल होतं. ती तुमच्या साठ्यात मोजली तर आकडा फुगतो, न मोजली तर हरवल्यावर भुर्दंड तुम्हाला. वेगळं कपाट, वेगळी वही, आणि वापरलेल्या प्रत्येकाचं स्टिकर रुग्णाच्या फाईलमध्ये.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा हिशेब नेहमी चुकतो, कारण भरलेले आणि रिकामे एकाच आकड्यात मोजले जातात. गळ्यात तीन पाट्या फिरवा: भरलेला, चालू, रिकामा. शिवाय मोठा डी टाईप साधारण ७ घनमीटरचा आणि छोटा बी टाईप दीडचा, त्यामुळे "सिलिंडर १२" या आकड्याला काही अर्थ नाही.

एक्सपायरीचं थोडक्यात. पाकिटावर नुसता महिना आणि वर्ष असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. तीन महिने आधी माल वेगळा काढा, कारण परत घेण्याच्या अटी प्रत्येक डिस्ट्रिब्युटरच्या वेगळ्या असतात आणि उशीर झाला की क्रेडिट नोट विसरा. एक्सपायर झालेला माल साठ्यातून त्याच दिवशी वजा करून कुलूपबंद पेटीत ठेवा. त्याची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या वर्गात जाते, किंवा तो कंपनीकडे परत जातो. नाल्यात नाही आणि भंगारवाल्याकडे तर अजिबात नाही.

कॅलेंडर बघून मागवा

हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतं, म्हणून शेवटी. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा गावातला तो भाग बंद असतो. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) रात्रभर चालतात. दिवाळीत बाजार बंद. या तिन्हींच्या चार दिवस आधी खिळ्यावरचे सगळे पुठ्ठे निकाली काढा आणि जिवावरच्या यादीचा राखीव दोन दिवसांनी वाढवा. पावसाळा लागायच्या आत आरएल (रिंगर लॅक्टेट), एनएस आणि ओआरएस वाढवा, जुलाब-उलट्यांचे पेशंट येतातच. प्लास्टर ऑफ पॅरिसचे बँडेज त्याच सुमारास जमिनीवरून उचलून वरच्या फळीवर न्या. भिजलेलं खोकं बाहेरून कोरडं दिसतं, आत बँडेजचा दगड झालेला असतो, आणि मोजणीत तो बारा नग म्हणून धरला जातो.